खुब्यातली गुणगुण

दस्तगीरभाई शिकलगारांचा कुणावर विश्वास नव्हता. दूधवाल्याच्या मापावर नव्हता, हवामान खात्यावर नव्हता, आणि 'हे लाकूड सात वर्षं वाळलेलं आहे' असं शपथेवर सांगणाऱ्या व्यापाऱ्यावर तर मुळीच नव्हता. लाकूड आलं की ते बोटाच्या पेरानं वाजवून बघायचे, हुंगायचे आणि मग व्यापाऱ्याचं तोंड निरखत बसायचे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत लोक त्यांची थट्टा करत, की दस्तगीरभाई स्वतःच्या सावलीलाही आधी नाव-गाव विचारतात. पण जवारी लावावी तर त्यांनीच, हेही तेच लोक सांगत.

तानपुऱ्याच्या भोपळ्यावर हाडाची एक घोडी बसवलेली असते आणि तारा तिच्यावरून जातात. त्या घोडीचा माथा कानशीनं केसभर घासून असा उतरता करायचा की तार त्याला सुटता सुटता टेकत राहील. मग ती नुसती वाजत नाही, गुणगुणते. त्या गुणगुणीला जवारी म्हणतात. ती डोळ्यांना दिसत नाही, मापात सापडत नाही, फक्त कानाला कळते. हे काम करायला जमिनीवर मांडी ठोकून बसावं लागतं, दोन्ही तळपायांत भोपळा धरावा लागतो आणि कान दांडीजवळ न्यावा लागतो. दस्तगीरभाई गेली छत्तीस वर्षं असे बसत आले होते. टेबल-खुर्चीवर हे काम होत नाही. एकदोघांनी करून बघितलं होतं आणि त्यांचे तानपुरे अजून मुके आहेत.

तर असा हा माणूस चोपन्नाव्या वर्षी डाव्या खुब्यानं हैराण झाला. मांडी घातली की उठताना भिंत धरावी लागे. साल होतं दोन हजार अडतीस. त्यांची मुलगी अल्फिया सांगलीच्या सांधे केंद्रात तंत्रज्ञ होती. जूनमध्ये तिनं स्वतःच्या हातानं त्यांच्या खुब्याजवळ रुपयाएवढी एक चकती चिकटवली.

"हे काय?"

"श्रवणी म्हणतात हिला, अब्बा."

"काय करती?"

"ऐकती."

"आणि कुणाला सांगती?"

"डॉक्टरांना. आणि कुणाला सांगणार?"

"ते मी बघतो," दस्तगीरभाई म्हणाले.

त्या चकतीमागचं शास्त्र अल्फियानं जेवता जेवता समजावलं. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोळ्यासारखं असतं आणि ते कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत फिरतं. दोन्हींवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. ते झिजलं की हाडावर हाड घासतं. त्यावर उपाय असा, की गोळा कापून न टाकता नुसता तासायचा आणि त्यावर धातूची टोपी बसवायची, वाटीलाही धातूचं अस्तर द्यायचं. आपलं हाड आपल्याकडं राहतं आणि माणूस पुन्हा मांडी घालून बसू शकतो.

"मग करून टाकू की," दस्तगीरभाई म्हणाले.

"तिथंच तर मेख आहे. कधी करायचं?"

लवकर केलं तर टोपीचंही आयुष्य असतं, ती म्हातारपणी झिजते आणि पुन्हा उघडावं लागतं. उशीर केला तर गोळ्याच्या आत बारीक पोकळ्या पडलेल्या असतात. पोकळ हाडावर टोपी तग धरत नाही. मग गोळा कापून अख्खा सांधाच बदलायचा, आणि तशा सांध्यानं दिवस दिवस जमिनीवर बसायला डॉक्टर परवानगी देत नाहीत. या दोन्हींच्या मधला जो काळ, त्याला केंद्रात 'खिडकी' म्हणत. त्या पोकळ्या फोटोत दिसेपर्यंत खिडकी बंद झालेली असे. पण ऐकू मात्र त्या आधीच येत, कारण भरीव हाड चालताना नुसतं करकरतं आणि पोकळ हाड घुमतं. श्रवणी ते घुमणं मोजायची, लाखो लोकांच्या खुब्यांशी ताडून बघायची आणि तारीख सांगायची. तिच्या तारखेबाहेर कुठलाही सर्जन टोपी बसवत नसे. तसा नियमच झाला होता.

"भोपळा पोकळ म्हणून घुमतो, तसंच की," दस्तगीरभाई म्हणाले. एवढं त्यांना पटलं. बाकीच्याबद्दल त्यांनी मत राखून ठेवलं.

जूनमध्ये श्रवणीनं सांगितलं, खिडकी उघडायला दोन वर्षं चार महिने आहेत. सगळे निश्चिंत झाले. आणि ऑक्टोबर उजाडताच दस्तगीरभाईंच्या फोनवर निरोप आला: आपली खिडकी उघडली आहे. ती एकतीस दिवसांत बंद होईल.

दोन वर्षं चार महिन्यांचे एकतीस दिवस! दस्तगीरभाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि त्यांच्या मनातली पाल एकदा चुकचुकली की गप्प बसत नसे. ते तडक सांगलीला गेले. डॉक्टर पद्मजा मगदूम म्हणजे केंद्राच्या मुख्य. बाई सरळ होत्या, पण कायम घाईत. त्यांनी पडद्यावरचे आकडे दाखवले.

"घुमण्याचा आकडा तिपटीनं वाढलाय, दस्तगीरभाई. जुलैपासून चढतच चाललाय."

"दुखणं तर तिपटीनं वाढलेलं न्हाई."

"दुखण्यावर जाऊ नका. दुखणं फसवतं."

"आणि मशीन फसवत न्हाई?"

डॉक्टर हसल्या. दस्तगीरभाईंना ते हसणं आवडलं नाही. बाहेर बाकावर बसून त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांकडं नजर टाकली. सगळे खुबे धरून चाललेले, सगळ्यांच्या हातात तारखांचे कागद. इतक्या लोकांच्या खिडक्या एकदम कशा उघडतात? कुठंतरी पाणी मुरतंय, असं त्यांना वाटायला लागलं.

ते कुठं मुरतंय हे त्याच आठवड्यात कळलं, निदान त्यांना तरी तसं वाटलं. अल्फिया मागच्या दारी कपडे वाळत घालत होती आणि कानाशी फोन होता. आवाज हळू होता. पण हळू आवाज ऐकण्यातच दस्तगीरभाईंचं आयुष्य गेलेलं.

"हो, पत्र आलंय," ती म्हणत होती. "अब्बांना अजून न्हाई सांगितलं. त्यांचं ऑपरेशन एकदा झालं की मी मोकळी."

दस्तगीरभाई दाराआडच थांबले. अल्फियाची आई जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात दोघंच. चकती चिकटवणारी ही, नोंदी तपासणारी ही, तारीख वर पाठवणारीही हीच. आणि मोकळं व्हायची घाईही हिलाच. त्यांनी तिला काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण ज्याला विचारायचं त्याच्यावरच संशय असेल तर विचारून उपयोग काय, असा त्यांचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी त्यांनी केंद्रातल्या तक्रारीच्या खिडकीवर अर्ज नोंदवला. तिथल्या पडद्यानं गोड आवाजात विचारलं, आपला संशय कोणावर आहे? यंत्रावर, डॉक्टरांवर की तंत्रज्ञावर? दस्तगीरभाईंचं बोट थोडा वेळ हवेतच राहिलं. मग त्यांनी तिसऱ्या चौकोनावर टेकवलं.

संध्याकाळी अल्फिया लवकर घरी आली. गळ्यातलं ओळखपत्र नव्हतं.

"माझ्या नावापुढं लाल खूण आलीय," ती म्हणाली. "चौकशी संपेपर्यंत मला कुठल्याच पेशंटच्या नोंदीला हात लावता येत न्हाई. तुम्हीच केलंत ना, अब्बा?"

"आधी हे सांग, पत्र कसलं आलंय?"

तिनं पिशवी खाली ठेवली. "जर्मनीचं. ड्रेस्डेनला काम मिळालंय. नोव्हेंबरात हजर व्हायचंय. सांगणार होते, पण तुम्ही या खुब्यानं..."

"म्हणून माझी तारीख अलीकडं ओढलीस."

"ओढायचीच असती तर जूनमध्येच ओढली असती की! तेव्हा निवांत पाच महिने मिळाले असते." तिनं ताटं खाली आदळली. "चोर ठरवलंत मला. तेही तिथं, सगळ्यांसमोर."

हिशेब बरोबर होता. पण हिशेब जुळतो म्हणून संशय जातो, असं थोडंच आहे? दोघं आपापल्या ताटाकडं बघत जेवली.

तक्रारीचा एक फायदा होता. तक्रारदाराला स्वतःची मूळ ध्वनिनोंद ऐकायचा आणि तिची प्रत घ्यायचा हक्क होता. हा हक्क आजवर कुणी वापरलाच नव्हता. केंद्रात सगळे आकडे बघत. खुबा कानानं ऐकावा असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. आठवड्याभरानं डॉक्टर मगदूमांच्या खोलीत दस्तगीरभाईंच्या सप्टेंबर महिन्यातल्या एका दुपारची नोंद लावली गेली. अल्फियाला दाराशी उभं राहायची परवानगी मिळाली, आत यायची नाही.

आधी खरखर आली, मग करकर. आणि मग एक लांब, दाणेदार घुमणं.

"हेच ते," डॉक्टर म्हणाल्या. "ऐकलंत?"

दस्तगीरभाईंनी डोळे मिटले होते. ते एकदम हसायलाच लागले.

"डॉक्टरीणबाई, हा पंचम हाय."

"काय?"

"पंचम. आणि जरा उतरलाय. ही तानपुरी धारवाडच्या बाईंची. महिनाभर माझ्याकडं होती, जवारी लागत नव्हती. हे माझं हाड न्हाई, हा तिचा भोपळा हाय!"

"पण भोपळ्याचा आवाज तुमच्या खुब्यात कसा येईल?"

इथं दस्तगीरभाईंचं हसू मावळलं. कारण आता जे सांगायचं ते सांगायला जीभ उचलेना. या धंद्यात भोपळा तळपायांतच धरायचा. अंगाला टेकवायचा नाही, अंग आवाज खातं. त्यांच्या वडिलांनी याच चुकीसाठी दोन शागीर्दांना घरी धाडलं होतं. पण जुलैपासून डावा पाय पसरून भोपळा धरवेनासा झाला, तेव्हा दस्तगीरभाईंनी दुकानाचा पडदा ओढून घेतला आणि भोपळा डाव्या मांडीवर, पार खुब्याला टेकवून घेतला. तीन महिने ते चोरून असं काम करत होते. चकतीच्या कानाशी अख्खा भोपळा वाजत होता आणि ती त्यालाच पोकळ हाड समजून बसली होती.

त्यांनी खाली बघत हे सांगितलं. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला आणि दिलदारपणे माफी मागितली. नोंदीतली ती सगळी घुमणारी गुणगुण वेगळी काढून टाकायची संगणकी गाळणी बेंगळुरूहून मागवली गेली. दोन दिवसांत नवा निकाल आला: खिडकी उघडायला दोन वर्षं आणि एक महिना.

गल्लीत बातमी पसरली. शिकलगारांच्या दस्तगीरनं मशीनला खोटं पाडलं! लोक चहा पाजायला लागले. अल्फियानंही "बरं झालं" म्हटलं, पण ती घरात सावकाश वावरायची आणि फोन आला की बाहेर जायची. तिची चौकशी अजून चालूच होती. दस्तगीरभाईंना वाटलं, आता काय, होईल ती बंद आपोआप.

पण विजयाचा चहा दस्तगीरभाईंना पचेना. बाहेरून घरात येताना उंबऱ्याशी खुबा असा काही आवळायचा की डोळ्यांपुढं काजवे चमकत. आणि आयुष्यभराची खोड ती. आपल्याला हवी तशीच एखादी गोष्ट निघाली तर ती दोनदा वाजवून बघायची, हे त्यांनी लाकडाकडून शिकलेलं होतं. मशीन आधी चुकलं ते त्यांना नको असलेल्या बाजूनं. आता ते त्यांना हवं तेच बोलत होतं. मग आता ते बरोबर कशावरून?

नोंदीची प्रत घरीच होती. त्यांनी दुकानात बसून ती कानाला लावली आणि एकेक दिवस ऐकत गेले. सोमवारी धारवाडच्या बाईंची तानपुरी. मंगळवारी तीच. बुधवारी इचलकरंजीच्या शाळेचा तानपुरा, खर्ज ढिला. ऐकताना त्यांना बरं वाटत होतं. मग शुक्रवार लागला.

शुक्रवारी दस्तगीरभाईंचं दुकान बंद असतं. शुक्रवारी ते कुठल्या वाद्याला हात लावत नाहीत. दुपारी नमाजाला चालत जातात आणि चालत येतात, एवढंच.

नोंदीत मशिदीच्या पायऱ्या चढताना त्यांचा श्वास ऐकू येत होता. पाऊल टेकलं की करकर. आणि प्रत्येक पावलाच्या मागं, अगदी हलकी, दबलेली एक गुणगुण.

त्यांनी ती अकरा वेळा ऐकली. तिला सूर नव्हता, तार नव्हती. ती पावलाबरोबर यायची आणि पावलाबरोबर विरायची. मागचा शुक्रवार लावला. तिथंही होती, थोडी बारीक. त्याच्या मागच्या शुक्रवारी त्याहून बारीक. इतकी वर्षं ज्या आवाजासाठी जीव टाकला तोच आवाज आता आपल्या हाडातून येत होता, आणि तो ऐकून त्यांना रडू येत होतं.

"अल्फिया!" त्यांनी हाक मारली. "इकडं ये. ऐक जरा."

ती आली. आधी दारातच थांबली, मग बसली. तिनं ऐकलं, मग स्वतःच्या यंत्रावर तिन्ही शुक्रवार एकाखाली एक लावले.

"गाळणीनं गुणगुण दिसंल तेवढी काढून टाकली," ती हळूच म्हणाली. "भोपळ्याची बी काढली आणि हाडाची बी. तिला फरक कळत न्हाई. अब्बा, हे खरं असंल तर ती एकतीस दिवसांचीच तारीख खरी होती."

"चुकून?"

"चुकून. भोपळ्यानं आकडा फुगवला, पण खाली हे होतंच."

"म्हंजे किती दिवस राहिले?"

"नऊ. फार तर दहा."

डॉक्टर मगदूमांनी तिन्ही शुक्रवार कान देऊन ऐकले. या खेपेला त्यांना घाई नव्हती.

"मला पटतंय," त्या म्हणाल्या. "पण माझ्या पटण्यावर शस्त्रक्रियागृह उघडत नाही. कागदावर तुमची तारीख दोन वर्षांनंतरची आहे. ती अलीकडं आणायची तर मूळ नोंदीत कुणी हात घातलेला नाही, असं नोंद घेणाऱ्या तंत्रज्ञानं लिहून द्यावं लागतं."

"मग देईल की अल्फिया."

"तिची सही चालत नाही, दस्तगीरभाई. तिनंच नोंदीत हात घातला असं तुम्ही लिहून दिलंय."

दस्तगीरभाईंना तो तिसरा चौकोन आठवला.

"तुमचा अर्ज उभा आहे तोवर तिला सहीही करता येत नाही आणि हे केंद्र सोडून कुठं जाताही येत नाही. ड्रेस्डेनवाल्यांना कोरी नोंद लागते. तिनं सांगितलं नाही तुम्हाला?"

तिनं सांगितलं नव्हतं. दस्तगीरभाईंनी काचेपलीकडं बघितलं. अल्फिया व्हरांड्यात उभी राहून कुणा म्हातारीला लिफ्टचं बटण दाखवत होती.

आणि खरं सांगायचं तर त्या वेळी त्यांच्या मनात एक घाणेरडा विचार येऊन गेला. अर्ज असाच राहू दिला तर? खुबा जाईल, जमिनीवर बसणं जाईल, जवारी जाईल. पण पोरगी राहील. का म्हणून विचारायला कुणी येणार नाही. बाप संशयी आहे हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. हा विचार आपलाच आहे हे कळलं तेव्हा त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की कान तापले.

"अर्ज मागं घ्यायचा कागद द्या," ते म्हणाले.

कागदावर कारणाचा एक रकाना होता. डॉक्टरांनी सुचवलं, 'गैरसमजातून' एवढं पुरे. दस्तगीरभाईंनी मान हलवली आणि सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं: मी माझ्या मुलीवर खोटा आळ घेतला. तिनं काही केलेलं नाही. ती जाऊ नये म्हणून मी तिच्यावर संशय घेतला. शेवटचं वाक्य लिहीपर्यंत त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

अल्फियाला आत बोलावलं गेलं. तिनं तो रकाना वाचला. दोनदा वाचला. डोळे पुसले, दुसरा कागद पुढं ओढला आणि आपली सही केली. त्या कागदावर शस्त्रक्रियेच्या तारखेची जागा कोरी होती.

"दिवस कुठला घालू?" तिनं विचारलं.

"तू सांग."

"परवाचा घालते." तिनं आकडे लिहिले आणि पेन खाली न ठेवता त्यांच्याकडं वळली. "परवापासून वीस दिवस मी तुमच्याजवळ हाय, अब्बा. उठवीन, चालवीन, सगळं करीन. एकविसाव्या दिवशी मी जाणार. तेव्हा पाय दुखतोय म्हणायचं न्हाई."

ऑपरेशनची दस्तगीरभाईंना कधीच भीती वाटली नव्हती. एकविसाव्या दिवसाची वाटली. त्यांनी तिच्या हातातलं पेन घेतलं.

"न्हाई म्हणणार," ते म्हणाले आणि तिच्या सहीखाली त्यांनी आपली सही केली.